पाठीची शिवण

माझा जावई पूर्वी गाद्या विकायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलेन ते ऐकून म्हातारी उगाच तोंडसुख घेतेय असं कुणाला वाटायला नको. "एकदा पाठ टेकून तर बघा" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, तो माणूस लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच माझ्या कारखान्यात येऊन मला शिकवायला लागला, की अस्वलाच्या पोटात काय भरावं. कानामागून आला आणि तिखट झाला. माझी लेक त्याच्या बाजूला उभी राहून मान डोलवत होती, ते तर आणखीच झोंबलं.

आमचा कापडी खेळण्यांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही, आणि जिन्याच्या पलीकडच्या अंगाला घर. पुढच्या खोलीत कापणीचं टेबल आणि शिवणयंत्रं, मागच्या खोलीत भरणाची पोती, इस्त्री आणि एक भिंत. त्या भिंतीला खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्याला एकेक कातडं लटकतंय. अस्वलाचं, हत्तीचं, सशाचं. पोट रिकामं, पाठ उसवलेली, तोंड मात्र हसरं. नवा माणूस आला की दचकतो. पण कापड पुढं कसं झिजेल हे कापडवाला सांगत नाही, ते असं कातडंच सांगतं. कुठल्या मखमलीचे केस काखेत गळले, कुठली शिवण मानेशी ताणली, कुठला रंग लाळेनं उतरला, सगळं त्या भिंतीवर आहे. माझं जे काही शिक्षण झालं ते तिथंच.

आमची रीत अशी. नवा नमुना तयार झाला की तो घरातल्या मुलाच्या हातात द्यायचा. पंधरवडाभर त्यानं तो चावावा, आपटावा, अंथरुणात घ्यावा. मध्ये धुवायचा, पुन्हा द्यायचा. मग काढून घ्यायचा, पाठीची शिवण उसवायची आणि आत काय झालंय ते बघायचं. भरण एका कोपऱ्यात बसलंय का, गोळे झालेत का, आतले धागे तुटायला आलेत का. बाहेरून गुटगुटीत दिसणारं खेळणं आतून कसं आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. माझ्या घरात मूल एकच होतं, माझी लेक. दात यायला लागले तेव्हापासून ती शाळेत जाईपर्यंत माझे सगळे नमुने तिनंच पारखून दिले.

भांडणाला निमित्त झालं ते पाळणाघरांच्या मागणीचं. शहरभर ज्यांची पाळणाघरं आहेत अशा एका संस्थेला प्रत्येक बाळामागं एक अस्वल हवं होतं. एवढं मोठं काम आमच्याकडं कधी आलं नव्हतं. त्यांच्या खरेदीवाल्या बाई नमुना बघायला स्वतः आल्या. मी माझं अस्वल टेबलावर ठेवलं. आखूड केसांची, घट्ट विणीची मखमल, डोळे धाग्यानं भरलेले. तर जावयानं पिशवीतून दुसरं अस्वल काढलं आणि माझ्या अस्वलाच्या शेजारी बसवलं. मला न विचारता. पांढरंशुभ्र, लांब केसांचं, भिंगासारखे चकचकीत प्लॅस्टिकचे डोळे लावलेलं.

"हात लावून तर बघा," तो बाईंना म्हणाला. गादीवाला तो गादीवालाच.

बाईंनी हात फिरवला आणि त्यांचा चेहरा विरघळला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण जावयाला अरे-तुरे करायची सोय नसते. शिवी द्यायची तर तीसुद्धा 'अहो' लावून द्यावी लागते.

"जावईबापू, जरा इकडं द्या बघू तुमचं लेकरू," मी म्हटलं, आणि तोंडातली कवळी काढून चहाच्या बशीत ठेवली.

"आई, नको," लेक म्हणाली. तिला पुढचं ठाऊक होतं.

मी त्या अस्वलाचा कान तोंडात घातला आणि नुसत्या हिरड्यांनी चावायला लागले. तान्ह्या बाळाला दात नसतात, मलाही नाहीत, तेव्हा माझ्याइतका चोख परीक्षक या धंद्यात दुसरा मिळायचा नाही. थोड्या वेळानं जिभेवरून पांढऱ्या केसांचा एक झुबका काढून बाईंच्या समोर ठेवला. मग डोळ्याच्या कडेखाली हिरडी घालून ओढलं. डोळा निघाला नाही, पण कापड पडलं सैल विणीचं; भोवतीचं भोक एवढं रुंदावलं की आतलं भरण दिसायला लागलं.

जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाईही कवळीकडं बघायचं टाळत होत्या. पण बाई कामाला पक्क्या होत्या.

"कापड यांचं," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "डोळे धाग्याचे. आत काय भरताय?"

"कापूस," मी म्हटलं. "फायबर," तो म्हणाला. दोघं एकदम.

बाईंनी पिशवी उचलली. "आमच्याकडं दर आठवड्याला मशिनमध्ये धुतलं जाईल. पंधरा दिवसांनी येते. तेव्हा एकच अस्वल दाखवा, आणि घरातलं भांडण घरात मिटवून ठेवा."

त्या जिना उतरल्या तशी खोलीत ठिणगी पडली.

"दात तरी लावा आता," जावई म्हणाला.

"लावते. तुम्हाला चावायचं झालं तर लागतील."

"आई, कापूस पाणी पितो. बाहेरून सुकला तरी आत ओला राहतो. मी गाद्यांचं बघितलंय."

"गादीवर माणसं झोपतात, जावईबापू. अस्वलाला मुलं चावतात. पोराच्या तोंडात प्लॅस्टिकचं सूत देऊ?"

"तोंडात कापड जातं, भरण नाही. भरण तोंडात गेलं तर शिवण चुकली. शिवण कोण घालतं इथं?"

हा शेवटचा टोला मला आवडला नाही, कारण तो बरोबर होता. मी लेकीकडं बघितलं. आता ही काहीतरी बोलेल, आईची बाजू घेईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझे तर दातही बशीत होते.

लेक कापणीच्या टेबलाला टेकून उभी होती. कापण्याचं काम तिचं. कापडाच्या केसांचा उलटा-सुलटा रोख तिला डोळे मिटून कळतो, आणि तो तिला मी शिकवलाय. ती म्हणाली, "मी दोन अस्वलं कापते. कापड एक, आकार एक, शिवण आईचीच. एकात कापूस, एकात फायबर. कापसाच्याला लाल नाक, फायबरच्याला निळं. दोन्ही चिमीला देऊ. दर आठवड्याला धुऊ, पाळणाघरात धुतील तसं. पंधरा दिवसांनी ती ज्याला धरून असेल, तेच बाईंना दाखवायचं."

चिमी म्हणजे माझी नात. नुकती धरून उभी राहायला लागलेली.

"आणि ज्याचं अस्वल हरेल," लेक पुढं म्हणाली, "त्यानं भरणाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. कापड, भरण, काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, शब्द एकाचाच चालेल. रोजच्या या कटकटीनं मी विटलेय."

मी आयुष्यभर ज्या खोलीत शब्द टाकला आणि तो झेलला गेला, त्या खोलीत गप्प बसून टाके घालायचे म्हणजे मी मेल्यात जमा. तरीही मी हो म्हटलं. हरणार कोण, हे मला माहीतच होतं.

"आणि एक," लेक म्हणाली. "या वेळी कापायचं नाही."

"काय?"

"पंधरा दिवसांनंतर अस्वल कापायचं नाही. चिमीचं ते चिमीला राहील."

"कापल्याशिवाय आतलं कळणार कसं?"

"दाबून बघ. वजन कर. वास घे. काय वाटेल ते कर. माझ्या पोरीचं खेळणं कापायचं नाही."

"तुझे सगळे कापले की. मेलीस का तू?"

तिनं मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. तिथून भिंत दिसते. "तो कडेच्या खिळ्यावरचा हत्ती," ती म्हणाली. "राखाडी. त्याला मी ढब्बू म्हणायचे. माहीत होतं तुला?"

"नमुन्याला नाव कशाला हवं?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन कापड पसरायला लागली. जावई माझ्याकडं असा बघत होता की जणू त्यानं ही गोष्ट आधी ऐकलीये. नवराबायको रात्री माझ्याबद्दल काय बोलतात ते मला त्या क्षणी कळलं.

अस्वलं तयार झाली. बाहेरून जुळी. हातात घेतलं की मात्र फरक कळायचा. माझं जड, अंगानं भरलेलं, मांडीवर बसवलं की बसायचं. त्याचं हलकं, दाबलं की लगेच उसळून वर यायचं. मला ते उसळणं आवडलं नाही. माणसानं दाबल्यावर थोडं दबावं.

चिमीच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्यामुळं तिचं कुणाशीच पटत नव्हतं. पहिले काही दिवस तिनं दोन्ही अस्वलं पाळण्याबाहेर फेकली. मग धुण्याचा दिवस आला. दोन्ही मशिनमधून काढून सज्जातल्या दोरीला अडकवली. निळं नाक दुपारच्या आत सुकलं. लाल नाक ओल्या टॉवेलासारखं लोंबत राहिलं, आणि जावई येता-जाता त्याचा पाय दाबून बघायचा. बोलायचा काही नाही. नुसता दाबायचा आणि बोटं शर्टाला पुसायचा. बोलला असता तर परवडलं असतं.

संध्याकाळी चिमीनं घर डोक्यावर घेतलं. निळं नाक दिलं, फेकलं. मी सज्जात गेले आणि माझं अस्वल काढलं. वरचं कापड सुकलं होतं. पोट मात्र हाताला गार लागत होतं. आत थोडी ओल असेल, सुकेल की, असं म्हणत मी ते चिमीपुढं धरलं. तिनं कान तोंडात घेतला आणि चूप झाली. अशी चूप, की स्वयंपाकघरातून लेक काय झालं म्हणून बघायला आली.

त्या दिवसापासून चिमी लाल नाकाला सोडेना. झोपताना, खाताना, अंगावर सांडताना, सगळीकडं तेच.

"काय म्हणतंय तुमचं फायबर?" मी जावयाला विचारलं. चेहरा शक्य तितका गरीब ठेवून.

"गार लागतंय तिला," तो म्हणाला. "हिरड्या शिवशिवतायत. ओलं आहे म्हणून धरतेय."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"आई, ते आतून सुकलेलं नाही."

"मग तुमचं ओलं करून द्या. कुणी अडवलंय?"

त्यानं तसं केलं नाही. एकतर त्याला ते लबाडीचं वाटलं असणार, नाहीतर त्याचं फायबर पाणी धरून ठेवायलाच तयार नसणार. मी मात्र पुढच्या आठवड्याच्या धुण्यानंतरही अस्वल तसंच काढलं, वरून कोरडं झाल्याझाल्या. मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कापसाचं खेळणं दोन दिवस खडखडीत उन्हात ठेवावं लागतं, हे मी त्याच्या बापाला शिकवलं असतं. पण मी जिंकत होते. चिमी मला बघितलं की हात पुढं करायची, मी अस्वल घेऊन येणार हे तिला कळायला लागलं होतं, आणि लेक एकदा हसून म्हणाली, "जिंकलीस बाई." कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी हसली होती. त्यापुढं ओल म्हणजे काय.

बाई येणार त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. चिमी पाळण्यात झोपली होती, लेक आणि जावई पुढच्या खोलीत बाईंसाठी टेबल आवरत होते. दोन दिवस पोरीचं नाक गळत होतं, शिंका येत होत्या. दातामुळं, असं लेक म्हणाली. मीही दातामुळंच म्हटलं. मी पाळण्यावर वाकले, अस्वलाच्या अंगावरचं सूत टिपायला. उद्या ते चांगलं दिसायला हवं होतं. आणि वास आला.

दुधाचा नव्हे, लाळेचा नव्हे. ओलं फडकं पेटीत राहून गेलं की पेटी उघडताना येतो तो. अगदी हलका. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर कळलाही नसता. मी नाक अस्वलाच्या पाठीला लावलं, शिवणीवर, आणि मग शंकेला जागाच उरली नाही.

काय करायचं ते माझ्या हातात होतं. कापायचं नाही ही अट माझ्या लेकीची. चिमीनं निवड केलेली. बाई येणार, अस्वल बघणार, हो म्हणणार. गादीवाल्याचं तोंड कायमचं बंद. उद्याचा दिवस जाऊ दे, माझ्या मनात आलं. पुढच्या मालाला नीट सुकवायला सांगू. पण पाळणाघरात कोण सुकवतंय? तिथल्या बायकाही माझ्यासारखंच करणार. पोर रडलं की दोरीवरून ओढणार आणि देणार.

चिमी झोपेतच शिंकली आणि तिनं तोंड अस्वलाच्या पोटात खुपसलं.

मी ते हळूच तिच्या हातातून सोडवलं, मागच्या खोलीत आले, आणि छोटी कात्री घेऊन पाठीची शिवण उसवायला बसले. पक्की शिवण. माझीच. निघता निघेना. शेवटचे टाके तोडत होते तेवढ्यात लेक इस्त्री न्यायला आत आली.

तिनं माझ्या हातातली कात्री बघितली, अस्वल बघितलं, भिंत बघितली. मग म्हणाली, "तू आई नाहीस. कसाई आहेस."

"ऐक तरी."

"जिंकली होतीस ना? सगळं तुझ्या मनासारखं झालं होतं. एक गोष्ट मागितली मी. एक. तीसुद्धा तुला देववली नाही."

मी अस्वल उलटं केलं आणि आत बोटं घालून कापूस बाहेर ओढला. वरचा पांढरा होता. मधला पिवळा. अगदी पोटातला गोळा काळ्या ठिपक्यांनी भरला होता आणि बोटांना बुळबुळीत लागत होता. वास खोलीभर झाला.

जावई दारात येऊन उभा राहिला, त्यानं गोळा बघितला आणि म्हणाला, "गादीतही मधोमधच लागते बुरशी." एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. पण थांबतोय कसला. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतंत. आरती ओवाळू?"

"माझी पोर हे तोंडात घेऊन झोपत होती, आई."

"म्हणूनच कापलं ना. तुम्हाला वास आला होता का? नाही ना? मग गप्प बसा."

पलीकडं चिमी उठली. आधी नुसती कुरकुर, मग अस्वल हाताला लागलं नाही तशी तिनं जी किंकाळी फोडली ती खाली सायकलवाल्यानंही ऐकली असणार. लेक धावली. निळं नाक दिल्याचा आणि ते भिंतीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. पोरीला अंगाशी घेऊन लेक दारापर्यंत आली, पण चिमीला माझ्या मांडीवरचं फाटकं अस्वल दिसू नये म्हणून पाठ करून उभी राहिली. लहानपणी तीही त्याच दारात उभी राहायची. फक्त तोंड या बाजूला करून.

जावयानं फायबरचं पोतं ओढत आणून माझ्या पायाशी टाकलं. "भरा," तो म्हणाला. "बघत काय बसलाय?"

"मला हुकूम सोडताय?"

"हो."

लग्नापासून एवढं सरळ तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मला त्याचा अजूनही राग येतो, पण त्या दिवशी मी उठले. सगळा कापूस काढला. पाठीचा तुकडा डागाळला होता, तो कापून टाकला. समोरचा भाग उकळत्या पाण्यातून दोनदा काढला, घट्ट पिळला आणि इस्त्री फिरवून फिरवून कोरडा केला. इस्त्री आणि मखमल यांचं जमत नाही, पण उलट्या बाजूनं, मध्ये फडकं घालून जमवता येतं. लेकीनं पोरीला नवऱ्याकडं दिलं आणि नवी पाठ कापून माझ्यापुढं टाकली. तोंड तेच, कान तेच, पाठ नवी. मग काडीनं फायबर भरायला घेतलं. आधी नाक, मग पंजे, चिमूट चिमूट, कोपरे भरल्याशिवाय पोटाला हात नाही. ते हलकं सूत बोटाखालून उसळून वर येत होतं. चांगलं होतं. काय करणार, चांगलंच होतं.

पलीकडून चिमीचं रडणं येत होतं. थकलेलं, हुंदके देत देत. मी दुहेरी दोऱ्यानं पाठ शिवली, गाठ आत ढकलली आणि अस्वल लेकीपुढं धरलं.

तिनं ते घेतलं नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली.

"हे असं करता येत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"परत भरून, परत शिवून देता येत होतं. एवढा वेळ लागतो याला. हे असं." ती भिंतीकडं बघत नव्हती, पण मला भिंत दिसत होती. "माझा एकही परत शिवला नाहीस."

"तू मागितला नाहीस."

"मी रडत होते ना," ती म्हणाली. "त्याला काय म्हणतात?"

मी अस्वल तसंच पुढं धरून बसले. तिनं माझ्या हातातून अस्वल घेतलं, पाठ वर केली आणि दोन्ही हातांनी शिवण ताणली, मी तिला शिकवलंय तशी, जीव खाऊन, बोटं पांढरी होईपर्यंत. शिवण हलली नाही.

"उद्या बाईंना आम्ही दोघं भेटतो," ती म्हणाली. "तू बोलायचं नाहीस. ठरलंय."

"ठरलंय," मी म्हटलं.

ती गेली. थोड्या वेळानं रडणं थांबलं. चिमीनं आधी कान तोंडात घालून बाहेर काढला असेल, कारण तो आता गार नव्हता. मग पुन्हा घातला असेल. मला दिसलं नाही. जिन्यापलीकडचं दार लावून घेतल्याचा आवाज मात्र आला.

मी काळा कापूस गोळा करून कागदात बांधला. पोत्यात फायबर पुष्कळ उरलं होतं. मी उठून कडेच्या खिळ्यावरचा हत्ती काढला. राखाडी, एक कान चावून चावून पातळ झालेला. धूळ झटकली, सोंडेच्या टोकाला चिमूटभर भरण घातलं, मग पायांत, मग पोटात. पोटानं आकार धरला. चांगला गुबगुबीत दिसायला लागला, ढब्बूच. मग सुईत दुहेरी दोरा ओवून पाठ शिवायला घेतली आणि पहिला टाका ओढला, तर टाक्यासकट कापडाची कडच हातात आली. मी जरा आत टोचून बघितलं. तेही आलं. एवढी वर्षं खिडकीसमोर, उन्हात लटकून ते कापड पार विरलं होतं, टाका धरेना. मी हत्ती वळवला आणि दुसऱ्या बाजूनं सुई घालून पाहिली.